पाचपोरचा डावा हात

"हात काढ बे! हात काढ म्हणतो ना, पहिले हात काढ!"

दिगंबर पाचपोर ओरडत होता आणि ट्रॉय गावातल्या त्याच्या घराचं बेसमेंट हादरत होतं. वर स्वयंपाकघरात सुलभावहिनींच्या कढईतलं तेल उसळून बाहेर आलं, शेजारच्या गोऱ्याचा कुत्रा गाडीखाली शिरला, आणि नदीपलीकडे कॅनडातसुद्धा दोन-चार माणसांनी आपापले हात जिथे होते तिथून काढले असणार. मी केलं काय होतं, तर एका दातांच्या डॉक्टरच्या जुनाट कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत दोन बोटं घातली होती. प्लग काढलेला होता. माझ्या मांडीवरच होता. त्या डब्यात मुंगी मरेल इतकीही वीज नव्हती. तरी पाचपोरने उजव्या हाताने माझं मनगट धरून असं पिरगाळलं, की माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर उडून भिंतीत रुतला. मग त्याने माझ्या मांडीवरचा प्लग उचलला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाला, "हं. आता घाल."

ही आमची शेवटची भेट. फेब्रुवारीतला शनिवार होता. पुढच्या गुरुवारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे ड्राइव्हवेत पडलेत. ॲम्ब्युलन्स आलीय. तुम्ही या." एवढंच. झालं असं होतं की बर्फ लोटणाऱ्या गाडीने रस्त्यावरचा सगळा बर्फ ढकलून त्याच्या दारात कमरेएवढी भिंत घातली होती आणि ती गोठून दगड झाली होती. दुसरा कोणी असता तर मीठ टाकून वाट पाहत बसला असता. पाचपोरने गराजमधली लोखंडी पहार काढली. मी पोचलो तेव्हा त्याला घेऊन गेले होते, पण ती भिंत मी पाहिली... मधोमध फोडलेली, तुकडे पार रस्त्यापलीकडे उडालेले, आणि पहार बर्फात अशी घुसलेली की ती उपसायला मला आणि शेजाऱ्याला मिळून जोर लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मी लोकांना सांगतो, पाचपोर मारामारीत गेला. आज सात आठवडे झाले.

पाचपोर अकोल्याचा आणि मी चिंचवडचा, पण चिंचवड म्हणजे पुणेच असं ठरवून तो मला 'पुणेकर' म्हणायचा, आणि तेही शिवी दिल्यासारखं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी मी त्याला 'अहो पाचपोर' म्हणालो, तर म्हणाला, अहो-जाहो केलंस तर थोबाड फोडीन. हे प्रेमाने सांगितलं असावं, असं मी आजवर धरून चाललो आहे.

मी कामाच्या व्हिसावर इथे आलो ते दोन हजार एक साली. ज्या कंपनीत टेकलो ती मोटारींच्या सीट बनवायची, आणि आमची लॅब त्या सीट मोडायची. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत नुसती मोडामोड. लॅबच्या मधोमध लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यात सीट, सीटवर पट्टा बांधून बसवलेला माणसाच्या आकाराचा पुतळा, आणि समोरून येणारा तेलाच्या दाबावर चालणारा पोलादी दट्ट्या. त्याचं तोंड रेड्याच्या डोक्याएवढं. तो आला की सीटची पाठ काडीसारखी मोडायची, पुतळ्याची मान मागे जाऊन परत पुढे यायची, आणि बाहेरच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागायचे. पाचपोरने दट्ट्याचं नाव ठेवलं होतं भीम आणि पुतळ्याचं कीचक. ही नावं इतकी चालली की आमचा साहेब गॅरी, ज्याने महाभारताचं नावही ऐकलेलं नव्हतं, तो रिपोर्टात बिनदिक्कत लिहायचा की आज कीचकचा डावा खांदा निखळला.

या भीमाचा मेंदू म्हणजे कोपऱ्यातला पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. जगाने नव्या सिस्टिम घेतल्या तरी म्हातारीवर अठ्ठ्याण्णव सालचीच सिस्टिम होती, कारण तिच्या पोटात फूटभर लांबीचं एक कार्ड होतं, भीमाला हुकूम देणारं. ते कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. कार्डाची बोली कॉम्प्युटरला समजावणारा जो दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, तो दोन फ्लॉपींवर होता आणि त्याला अठ्ठ्याण्णवच्या पुढचं काही कळत नव्हतं. नवी सिस्टिम टाका तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर भीम म्हणजे भंगार. म्हणून म्हातारीला जगवायचं. तिला जगवण्यासाठी कंपनीने पाचपोर ठेवला होता, आणि पाचपोरची उपचारपद्धत म्हणजे मारहाण.

खोटं सांगत नाही, तो तिला लाथ घालायचा. डाव्या बाजूला, खालून चार बोटांवर, बुटाच्या टोकाने. तिथेच. दोन बोटं वर लागली तर हार्ड डिस्क मरणार, दोन बोटं खाली लागली तर पाय मोडणार. "हिले मारल्याबिगर समजत नाही," असं म्हणायचा, आणि खरंच, लाथ बसली की म्हातारी खोकल्यासारखा आवाज करून चालू व्हायची. कीबोर्ड त्याने माझ्यासमोर गुडघ्यावर मोडलेले आहेत. एकदा प्रिंटर खिडकीतून फेकला, तो कॅनडात पडला.

बरं, पार्किंगमध्ये पडला. सुलभावहिनी आत्ता समोर असत्या तर त्यांनी इथेच मला टोकलं असतं. माझी कुठलीही गोष्ट त्या अर्धी करून घेत. मी पंगतीत बसून रंगात आलो की त्या वाढता वाढता शांतपणे म्हणायच्या, "अर्धं करा भाऊजी, आणि आमटी घ्या."

तर पुढची गोष्ट तुम्हीच अर्धी करून घ्या. मी आलो त्याच वर्षीच्या सप्टेंबरनंतरचे ते दिवस, जेव्हा आमच्या रंगाच्या माणसाने पेट्रोल पंपावर उतरतानाही आजूबाजूला बघून उतरायचं. भर दुपारी आम्ही पेट्रोल भरत होतो आणि एक आडदांड माणूस बेसबॉलची बॅट घेऊन आला. तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिल्या फटक्यात त्याने पाचपोरच्या गाडीची मागची काच फोडली. दुसरा फटका माझ्या डोक्यासाठी उचलला होता. पाचपोरने मागच्या सीटवरून काय काढावं, तर दुरुस्तीला नेत असलेला पंधरा इंची मॉनिटर, आतली काचेची नळी वगैरे सगळा. उचलला आणि त्या माणसाच्या पायाशी आपटला. ती नळी फुटली की कसा आवाज होतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. तोफ. पंपावरचे सगळे लोक जमिनीवर आडवे झाले. बॅटवाला स्वतःचं पोट चाचपत मागे मागे गेला आणि बॅट टाकून पळाला. पाचपोरच्या कपाळात काचेचा तुकडा घुसला होता, रक्त डोळ्यात जात होतं, आणि तो रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "थांब बे! कीबोर्ड पण हाये!"

पण त्याचे हात... हात म्हणण्यापेक्षा डावा हात म्हणतो. पाचपोर डावखुरा होता. सगळी आदळआपट उजव्या हाताने, आणि नाजूक काम डाव्या. पुढच्या उन्हाळ्यात गॅरीच्या हट्टापायी मी म्हातारीत नवीन नेटवर्क कार्ड बसवलं आणि भीम मेला. स्क्रीनवर जुन्या कार्डापुढे पिवळं उद्गारचिन्ह. कॉम्प्युटरला हाक मारायला प्रत्येक कार्डाला एक नंबर लागतो. माझ्या नव्या पाहुण्याने येताक्षणीच जुन्या कार्डाचा, म्हणजे म्हातारबाबांचा, दहा नंबर बळकावला होता आणि आता दोघंही मुके. तीन दिवस आम्ही लढलो. गॅरी तासातासाला येऊन ओरडायचा, पाचपोर त्याच्यावर ओरडायचा, एकदा दोघांनी एकमेकांचे टाय धरले आणि मी मध्ये पडून दोघांचे फटके खाल्ले. शेवटी पाचपोरने सगळी कार्डं उपटून टेबलावर मांडली. सिस्टिम सेफ मोडमध्ये, म्हणजे जेमतेम श्वासापुरती, चालू केली, तिथे आमचं एकच कार्ड चार वेळा दिसत होतं, त्यातली तीन भुतं. एकेक भूत पुसलं. मग मुळातच, सिस्टिम जागी व्हायच्या आधी येणाऱ्या त्या निळ्या पडद्यावर जाऊन, दहा नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवला. आणि मग कार्डावरची, त्याचा नंबर ठरवणारी ती तांदळाएवढी पितळी पिन, जी मला चिमट्यानेही धरता येत नव्हती, ती त्याने डाव्या हाताच्या नखांनी उचलून शेजारच्या घरात बसवली. बाई नथ घालते ना आरशात न बघता, तशी. भीम धाडकन पुढे आला आणि कीचकाची मान मोडली. पाचपोरने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी दोन दिवस वाकून चालत होतो. आनंदाचा गुद्दा.

त्या तीन दिवसांतून आम्हाला दोन सवयी लागल्या, आणि दोन्ही आम्हाला भोवल्या. म्हातारी तापायची म्हणून तिचं झाकण कायमचं काढून ठेवलं आणि बाजूला टेबलफॅन लावला, ही एक. दुसरी सवय वाईट होती. भीमाला दाब पुरवणारा पंप बंद करून परत चालू केला की वीज क्षणभर खाली यायची आणि म्हातारी गोठायची. मग पुन्हा पहिल्यापासून, त्या दोन फ्लॉपींपासून सुरुवात, आणि दुसरी फ्लॉपी तिसऱ्या खेपेशिवाय वाचली जायची नाही. अर्धा दिवस जायचा. म्हणून पंप चालू ठेवूनच आम्ही पिंजऱ्यात शिरायचो, कीचकाचा पट्टा सारखा करायचो, बाहेर यायचो. नियमाविरुद्ध होतं. पाचपोरने सुरू केलं आणि मी चालवलं.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आमच्याकडे चिंचवडला वडिलांच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी लेथला हार घालून, पान्ह्यांना कुंकू लावून पूजा होते. मी लहानपणापासून ती केलेली. इथेही करायचीच, असं मनात आलं. बायको सात महिन्यांची गरोदर होती, मन जरा देवाधर्माकडे वळलेलं होतं. पाचपोर त्या सकाळी गॅरीबरोबर मीटिंगमध्ये होता. मी घरून कुंकवाचा करंडा, अक्षता आणि पाण्याची छोटी बाटली आणली होती. कुंकू वाटीत कालवलं. भीमाच्या तोंडावर पाच बोटं ओढली, कीचकाच्या कपाळाला टिळा, मॉनिटरला टिळा. मग म्हातारीपाशी आलो. तिचं पोट उघडंच. तिच्या पोटातलं ते कार्ड, ज्याने आमचं सगळ्यांचं पोट चालवलं होतं, ते समोर उभं दिसत होतं. डब्याला कशाला लावायचं, मानकरी तर आत आहे... मी बोट बुडवलं आणि कार्डाला गंध लावलं. चांगलं ओलं, ठळक. नमस्कार केला.

एवढा शिकलेला माणूस. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर.

थोड्या वेळाने कीचकाचा पट्टा पिळलेला दिसला म्हणून मी पिंजऱ्यात शिरलो. पंप चालू होता. ओलं कुंकू त्या वेळी कार्डावरून ओघळत ओघळत खालच्या सोनेरी दातांपर्यंत, जिथे कार्ड खाचेत बसतं तिथपर्यंत पोचलं होतं आणि भलतेच दात एकमेकांना जोडत होतं. माझी पाठ भीमाकडे होती. पाचपोर दारातून आत येत होता. त्याने काय पाहिलं, काय ऐकलं, मला माहीत नाही. म्हातारी खोकली असेल. मला ऐकू आलं ते एवढंच, "हात काढ बे! हात काढ!" आणि मानेला हिसका बसला. त्याने उजव्या हाताने माझी कॉलर धरून मला पिंजऱ्याबाहेर फेकलं आणि डावा हात... तो आधाराला सीटच्या पाठीवर ठेवलेला होता. ठेवल्याशिवाय माझ्यासारखं धूड उपसणं शक्य नव्हतं. भीम आला. कीचकाचं डोकं निखळून माझ्या छातीवर आदळलं, माझ्या दोन फासळ्या मोडल्या. ओली फांदी मोडावी तसा एक आवाज झाला. तो कीचकाचा नव्हता.

इथे काही वाढवून सांगत नाही. भीम मागे गेला तेव्हा पाचपोर उभाच होता. हात वर धरलेला, मधलं बोट, अनामिका आणि करंगळी जिथे असायला हवीत तिथे नव्हती. रक्त कोपरापर्यंत वाहत होतं. तो माझ्यापाशी आला आणि उजव्या हाताने माझ्या मुस्काटीत अशी ठेवून दिली, की फासळ्यांचं दुखणं मी विसरलो. मग पंप बंद केला. दंडावर पट्टा आवळला, दातांनी. लोक धावत होते, गॅरी फोनवर किंचाळत होता, कोणी खाली मान घालून ओकत होतं. आणि पाचपोर म्हातारीपाशी गेला, वाकून आत पाहिलं. दोन क्षण पाहिलं. खिशातून रुमाल काढला आणि उजव्या हाताने, त्या रानदांडग्या हाताने, कार्ड पुसलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत. तोच रुमाल मग डाव्या हाताला गुंडाळला. मी जमिनीवर पडून हे पाहत होतो. तो वळला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

चौकशीला कंपनीची दोन माणसं आली. त्यांना विचारायचं होतं ते सरळ होतं: भीम हुकमाशिवाय का सुटला? पाचपोरने हात पांढऱ्या बोचक्यात घेऊन उत्तर दिलं. ड्रायव्हर जुना आहे, केव्हाही बिघडतो, आणि पंप चालू ठेवून आत जायची पद्धत मी घातली, ह्याचा दोष नाही. भीमाच्या तोंडावरचे कुंकवाचे पट्टे, कीचकाचा टिळा, हे सगळं त्यांच्यासमोर होतं, पण त्या दिवशी लॅबमध्ये लाल रंग इतका सांडला होता की त्यातला कुठला कशाचा हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. माझा मुक्काम नोकरीच्या कागदावर होता. ओल्या हाताने यंत्राची पूजा केली हे कळलं असतं तर मला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं, आणि सात महिन्यांच्या गरोदर बायकोला घेऊन मी चिंचवडला परतलो असतो. पाचपोरकडे ग्रीनकार्ड होतं. नोकरी गेली तरी देश जाणार नव्हता. त्याची नोकरी गेली. मी गप्प बसलो. आधी व्हिसासाठी, मग ग्रीनकार्डसाठी, आणि ते मिळाल्यावर... मिळाल्यावरही गप्पच बसलो. फार उशीर झाला होता, असं स्वतःला सांगत राहिलो.

त्यानंतर पाचपोरने बेसमेंटमध्ये दवाखाना उघडला. जुन्या सिस्टिमींचा. नव्या दुकानांनी हाकलून दिलेली माणसं यायची: ज्याचं एक्स-रेचं मशीन फक्त अठ्ठ्याण्णववर चालतं असा दातांचा डॉक्टर, भरतकामाचं मशीन चालवणारी आजीबाई, चर्चमधला ऑर्गनवाला. त्यांचे ड्रायव्हर हरवलेले, कार्डं मुकी. पाचपोर त्यांना शिव्या देऊन आत घ्यायचा. पण त्याला आता ती तांदळाएवढी पिन उचलता येत नव्हती. उजव्या हाताने उचलायला गेला की ती उडून जायची, मग तो टेबल उलथायचा, मग वहिनी वरून विचारायच्या, "काय पडलं?" आणि तो ओरडायचा, "मी!" पहिल्या महिन्यातच मी एका शनिवारी गेलो, त्याच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसलो आणि पिन उचलली. पुढच्या शनिवारी खुर्ची तिथेच होती.

पाच वर्षं मी त्याचा डावा हात होतो. "पुणेकर, तुझी बोटं हायेत का भेंड्या?" असं ऐकत. प्रत्येक वेळी आत हात घालायच्या आधी ती आरोळी, मग प्लग तपासणं, मग "आता घाल." त्याच्या मुलीच्या मैत्रिणी पहिल्यांदा ऐकून घाबरल्या, तेव्हा ती म्हणाली होती, "डोंट वरी, दे आर जस्ट फिक्सिंग समथिंग." खरंय. काहीतरी दुरुस्त चाललं होतं. वर जेवायला बसलो की मी माझ्या फेका मारायचो, भीमाची लढाई निम्म्या ट्रॉयला ऐकवायचो, त्यात ड्रायव्हर बिघडायचा, भीम सुटायचा, पाचपोर झेपावायचा. कुंकू कधी यायचं नाही. वहिनी अर्धं करून ऐकायच्या आणि वाढायच्या. सात बोटांचा पाचपोर भात कालवत खाली पाहत राहायचा. कंपनीने भीम भंगारात काढला तेव्हा तो जाऊन म्हातारीला घरी घेऊन आला. कशाला, असं मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं होतं. बेसमेंट रिकामं करायचंय म्हणाल्या. अकरा कॉम्प्युटर निघाले. लोकांचे लोकांना पोचवायचे ठरले. शेवटी म्हातारी, जुन्या चादरीखाली. झाकण नव्हतंच. मी आत हात घातला आणि काढून घेतला. कोणी ओरडलं नव्हतं. खाली वाकून प्लग पाहिला, उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला, मग पुन्हा हात घातला आणि कार्ड उपसलं. वरचा भाग स्वच्छ होता. पण खालच्या कोपऱ्यात, दोन सोनेरी दातांच्या मधे, उजव्या हाताने पुसताना राहिलेली एक फिकट गुलाबी रेघ होती.

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसून वायरी गुंडाळत होत्या. मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट तीन वाक्यांत सांगितली. त्या दिवशी ड्रायव्हर बिघडला नव्हता. कार्डाला ओलं कुंकू मी लावलं होतं. त्याने ते पुसलं आणि मी पाहत पडून राहिलो.

मला वाटलं त्या अर्धं करायला सांगतील. त्यांनी हातातली वायर पूर्ण गुंडाळली, तिला गाठ मारली, ढिगावर ठेवली.

"तो रुमाल मीच धुतला ना भाऊजी," त्या म्हणाल्या. "रक्त गेलं. कुंकू गेलं नाही."